उंबरे ६४, चुली ११७

प्रकरण कुठलं

बेळगावच्या वडगाव-शहापूर पट्ट्यातल्या एका गल्लीचं हे प्रकरण आहे. गल्लीचं नाव देत नाही. माणसंही तात्या, मास्तर, अक्का अशा हाकेच्या नावांनीच येतील. मी त्या गल्लीचा नाही, दोन गल्ल्या सोडून राहतो. बँकेतून निवृत्त झालो तेव्हापासून आसपासच्या मंडळांचे, संघांचे हिशेब बघून देणं हे आपोआप माझ्याकडे आलं. २०२३ च्या पावसाळ्यात या गल्लीच्या पंचांनी मला बोलावलं ते एवढ्याचसाठी: देवळाच्या जीर्णोद्धाराची पट्टी जमत नव्हती आणि का जमत नाही ते त्यांना कळत नव्हतं.

मला वाटलं, दोन संध्याकाळचं काम असेल. आठ महिने गेले.

पार्श्वभूमी

शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडे. रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. शहापूर, वडगाव, खासबाग हा भाग विणकरांचा. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी विणकर घरं एकमेकांना लागून. वडगावात त्यांच्या जोडीला शेतकरी मराठा घरं, ज्यांची भातशेती बळ्ळारी नाल्याच्या आजूबाजूला, बेळगावी बासमतीची. १ नोव्हेंबर १९५६ ला हा सगळा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यावरचा वाद अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो इथे उकरायचा नाही, पण पुढे पावतीच्या भाषेचा प्रश्न येतो तेव्हा ही तारीख लक्षात असलेली बरी.

गल्लीचा कारभार पंच कमिटी बघते. देऊळ, मंगाई देवीच्या यात्रेची व्यवस्था, गणपती, कोणाच्या घरी मयत झालं तर सामान आणणं, सगळं त्यांच्याकडे. पैसा उभा राहतो पट्टीतून, आणि पट्टी बसते उंबऱ्यावर. एक घर, एक उंबरा, एक रक्कम. श्रीमंत असो की गरीब, दर तोच. तात्या म्हणाले, "देवासमोर सगळे सारखे, म्हणून पट्टी सारखी." तात्या पंचाहत्तरीचे, पंचांचे प्रमुख. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पट्टी सुरू झाली तेव्हा सगळे खरोखरच जवळजवळ सारखे होते.

हे मला वहीवरून कळलं. पट्टीची सगळ्यात जुनी शाबूत वही १९७८ ची. ४१ उंबरे. नावापुढे जुन्या चिटणिसांनी धंदा लिहिलेला: माग, माग, शेती, माग, मिलिटरी, माग, मास्तर. ४१ पैकी २९ घरांत माग. कोणाकडे दोन, कोणाकडे चार, एवढाच काय तो फरक. पट्टी भरली नाही असे त्या वर्षी दोघेच, आणि त्यातल्या एकापुढे "मुलगी बाळंतपणाला आली आहे, पुढील महिन्यात" अशी नोंद. १९९६ च्या वहीत ५२ उंबरे झाले. नवी घरं बांधली म्हणून नव्हे, वाटण्या झाल्या म्हणून. त्याच वहीत धंद्याचा रकाना गायब झाला. का, ते कोणालाच आठवत नाही. मास्तर म्हणाले, "लिहायला लाज वाटायला लागली असेल की." शक्य आहे. त्या सुमारास हातमाग जाऊन यंत्रमाग आले होते, काही घरं सावकाराकडून सूत घेऊन मजुरीवर विणायला लागली होती, आणि "माग" या एका शब्दात आता मालकही बसत होता आणि मजूरही.

आत्ताच्या वहीत ६४ उंबरे.

अडचण कशी उभी राहिली

देवळाचं छप्पर गळत होतं. नवा स्लॅब, फरशी आणि शिखर धरून अंदाज निघाला १६ लाख. ६४ ने भागा, दर उंबऱ्याला २५,००० रुपये. बैठकीत कोणी विरोध केला नाही. (बैठकीला २२ जण होते. हे मी नंतर विचारलं.) सहा महिन्यांत २५ उंबऱ्यांचे पैसे आले, म्हणजे सव्वा सहा लाख, आणि मग आवक थांबली.

या २५ जणांत एक गंमत होती. त्यातले ११ जण गल्लीत राहतच नव्हते. कोणी पुण्यात, कोणी गोव्यात, कोणी दुसऱ्या रेल्वे गेटापलीकडे टिळकवाडीत. फोन केला की संध्याकाळपर्यंत पैसे खात्यावर. गल्लीत झोपणारा, रोज देवळासमोरून जाणारा माणूस मात्र नजर चुकवत होता. पंचांनी याचा अर्थ असा लावला की बाहेर गेलेल्यांना देव आठवतो, इथल्यांना आस्था उरली नाही.

मग त्यांनी जुना उपाय काढला. देवळाच्या फळ्यावर बाकीदारांची नावं लिहिली, आणि तीही यात्रेच्या तोंडावर, जेव्हा गल्लीत वार पाळले जातात आणि घराघरांत पाहुणे येतात. चौथ्या दिवशी एका विणकराच्या घरातली अक्का पंचवीस हजार रोख घेऊन आली आणि सगळ्यांसमोर पैसे टेबलावर ठेवून म्हणाली, "नाव पुसा आदी. आमी काय देवाला बुडवूलालोय काय?" नाव पुसलं. पैसे तिने गंठण गहाण ठेवून आणले होते, हे पंचांना दोन आठवड्यांनी कळलं. तात्यांनी पैसे परत पाठवले, तिने घेतले नाहीत. पुन्हा पाठवले, तेव्हा घेतले. त्या रात्री तात्यांनी मला फोन केला.

मोजणी

मी पहिल्यांदा बँकवाल्यासारखा विचार केला. थकबाकी वाढली की कर्जदाराकडे बघायचं. पण वही चाळताना लक्षात आलं की आपल्याला कर्जदारच माहीत नाहीत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर आणि त्याला लागून वाढलेला भाग मिळून लोकसंख्या ६ लाखांच्या पुढे गेली होती, दहा वर्षांपूर्वी ती ५ लाखांच्या आसपास होती. पण त्यातून एका गल्लीबद्दल काही कळत नाही. तेव्हा गल्लीतली कॉलेजची चार पोरं घेतली आणि घरोघर गेलो. उंबरा नाही, चूल मोजायची असं ठरवलं. पोरांना सांगितलं, मालकांची नावं पेनाने लिहा, भाडेकरूंची पेन्सिलीने, कारण ती बदलतात.

निघालं ते असं. ६४ पैकी १८ उंबऱ्यांचे मालक गल्लीत राहत नाहीत: १२ घरं पूर्ण भाड्याने, ६ घरांना कुलूप. एक उंबरा म्हणजे कोपऱ्यावरचा जुना वाडा, जो पाडून तिथे १२ फ्लॅटचं अपार्टमेंट झालंय. वहीत अजून जुन्या मालकाचं नाव, जो विकून केव्हाच गेला. ११ घरांत मालकही आहेत आणि भाडेकरूही. उरलेल्या ३४ घरांत फक्त मालक, पण भावाभावांच्या मिळून ४१ चुली. बेरीज केली तर जुन्या गल्लीकरांच्या चुली ५२, भाडेकरूंच्या ५३, फ्लॅटवाल्यांच्या १२. एकूण ११७. म्हणजे गल्लीतली निम्म्याहून जास्त माणसं वहीत नव्हतीच.

माग किती घरांत? ७.

कोण कुठून आलं, कोण कुठे गेलं

याला एक कारण नाही. सुरतेच्या स्वस्त साड्यांनी इथल्या साडीचा भाव आधीच पाडला होता. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी यांनी सावकाराकडचं रोख चक्र मोडलं. मजुरी साडीमागे मिळते. सावकाराने सूत दिलं नाही की मागासमोर बसून काय करणार? काही घरांतली मुलं उद्यमबागच्या फाउंड्रीत आणि मशीनशॉपवर लागली. ज्यांची मुलं शिकली ती पुण्याला गेली.

पण खरा पैसा शिक्षणातून आला असं समजू नका. तो जमिनीतून आला. येळ्ळूर रोडच्या बाजूला ज्यांची भातशेती होती, तिचे प्लॉट पडले. दोन सख्ख्या भावांत एकाच्या वाटणीला शेत आलं होतं, दुसऱ्याच्या वाटणीला माग आणि गल्लीतलं घर. वाटणी झाली तेव्हा माग मिळालेला भाऊ नशीबवान समजला गेला होता. आज शेतवाला टिळकवाडीत बंगल्यात राहतो आणि मागवाला त्याला फोनवर सांगतो की पट्टीचं जरा थांबा.

येणाऱ्यांची बाजू वेगळी. १९९८ ला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ बेळगावला आलं, २०१० ला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, मेडिकल कॉलेजं आणि दवाखाने वाढत गेले. त्यामुळे खोल्यांना मागणी आली. आमच्या यादीत नर्सेस होत्या, विद्यार्थी होते, बैलहोंगल-गोकाककडचे कन्नड बोलणारे सरकारी आणि खाजगी नोकरदार, रायचूरकडची गवंडी कुटुंबं, फरशी आणि पीओपीचं काम करणारी उत्तरेकडची पोरं. फ्लॅटवाल्यांत दोघे बँकेतले, एक शिक्षक दांपत्य.

उत्पन्न किती, हे आम्ही विचारलं नाही. विचारून खरं कोण सांगतं? काम काय, भाडं किती देता किंवा घेता, माग महिन्यात किती दिवस चालतो, एवढंच विचारलं. त्यातून जे दिसलं ते मला आधी नीट उमगलंच नाही. एका घरात खाली विणकर मालक, वर दोन नर्सेस. त्या दोघींचा एकत्र पगार मालकाच्या घरातल्या तिघांच्या कमाईपेक्षा जास्त. मालकाचं निम्मं घर त्यांच्या भाड्यावर चालतं. वहीत उंबरा मालकाचा.

गल्ली "सुधारली" असं सगळे म्हणायचे, आणि दिसायलाही तसंच होतं: सुताच्या दुकानाच्या जागी झेरॉक्स आणि रिचार्ज, एक खानावळ, दारात दुचाक्या. गल्लीत येणारा पैसा वाढला होता हे खरं. पण जुन्या ५२ चुलींपैकी निम्म्यांची कमाई वाढलेली नव्हती. श्रीमंत झालेली माणसं निघून गेली, त्यांच्या घरांचं भाडं पुण्याला जायला लागलं, आणि त्यांच्यापेक्षा कमी पण विणकरापेक्षा जास्त कमावणारे आत आले. सरासरी वर गेली ती माणसं बदलल्यामुळे. पंचांनी पंचवीस हजाराचा आकडा काढला तो या सरासरीकडे बघून, आणि तो वसूल करायला निघाले ज्यांना ती लागू नव्हती त्यांच्याकडून.

कोणते पर्याय होते

पंचांची बैठक तीनदा झाली, एकदा भांडणात संपली.

पहिला पर्याय, आहे तसंच चालू ठेवायचं आणि मुदत वाढवायची. दोन वयस्कर पंचांना हाच हवा होता. त्यांचा मुद्दा कमकुवत नव्हता: एकदा का उंबऱ्याला वेगवेगळा दर लावला की देवळात वेगवेगळे मान मागितले जातील. जास्त देणारा म्हणेल, पालखी आधी माझ्या दारात.

दुसरा पर्याय उत्पन्नाप्रमाणे पट्टीचा. तो पाच मिनिटांत पडला. उत्पन्न ठरवणार कोण?

तिसरा, आमदार-नगरसेवकांकडून निधी. पैसा आला असता. पण आमच्याकडे असा पैसा एकटा येत नाही, फलक घेऊन येतो, आणि फलक कुठल्या पक्षाचा, कुठल्या भाषेत, कोणाच्या फोटोचा यावर पुढची पाच वर्षं गल्ली दुभंगते. हा पर्याय मास्तरांनी मोडून काढला आणि मला वाटतं बरोबर केलं.

चौथा पर्याय मी मांडला: चुलीला एक लहान सारखी रक्कम, आणि घरातून भाडं मिळत असेल तर त्यावर जादा. फ्लॅट प्रत्येकी एक चूल. भाडेकरूंना विचारायचं, सक्ती करायची नाही. यावर भांडण झालं ते पैशावरून नाही, भाडेकरूंवरून. "वर्षाने जाणाऱ्याला वहीत घालायचं? उद्या तो पंच व्हायचं म्हणेल." एका तरुण पंचाने उत्तर दिलं की पुण्याला गेलेला वीस वर्षांत आठ वेळा आला, तो चालतो ना?

काय केलं

आधी काम छाटलं. शिखर पुढे ढकललं, स्लॅब आणि फरशीवर भर दिला, अंदाज ११ लाखांवर आला. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण शिखराशिवाय जीर्णोद्धार म्हणणं कोणाला पटत नव्हतं.

चुलीची रक्कम किती, यावर तिढा होता. तो मास्तरांच्या बायकोने सोडवला, तेही चहा ठेवता ठेवता: "गृहलक्ष्मीचे येतात तेवढे ठेवा की." राज्य सरकारची महिन्याला दोन हजारांची ती योजना ऑगस्ट २०२३ मध्येच सुरू झाली होती. कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर पैसे येतात. २,००० ठरले. बाहेर राहणाऱ्या मालकांना आधीचेच २५,०००. गल्लीत राहून भाडं घेणाऱ्या ११ घरांना एका महिन्याचं भाडं. फ्लॅटला ५,०००. ज्या गल्लीकरांनी आधीच २५,००० भरले होते अशा १४ जणांना विचारलं, फरक परत हवा का? एकानेही मागितला नाही. पण विचारलं म्हणून बरं वाटलं असं तिघांनी सांगितलं.

फळ्यावरची यादी बंद.

मग पावती. पावतीपुस्तक मराठीत, कायम मराठीतच. फ्लॅटमधल्या शिक्षक बाईंनी पैसे देताना शांतपणे विचारलं, यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, कन्नडमध्ये मिळेल का? सीमाभागाबाहेरच्या वाचकाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. इथे १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणारी माणसं त्या बैठकीत बसली होती, ज्यांनी सातबारापासून बसच्या पाटीपर्यंत मराठीतून कागद मिळावा म्हणून आयुष्यभर अर्ज केले. तात्या बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "आपल्याला न वाचता येणारा कागद हातात दिला की कसं वाटतंय, ते आपल्यापेक्षा कोणाला ठाऊक?" नवी पावती दोन्ही भाषांत छापली, मराठी वर, कन्नड खाली. एका पंचाने राजीनामा दिला. तो अजून परत आलेला नाही, गणपतीला मात्र येतो.

निकाल

मार्च २०२४ पर्यंत ९ लाख ६० हजारांच्या आसपास जमले. बाहेरच्या १८ मालकांपैकी १५ जणांनी भरले. फ्लॅट १२ पैकी ८. भाडेकरूंकडे गेलो तर ५३ पैकी ३७ जणांनी काही ना काही दिलं, १०१ रुपयांपासून अकराशेपर्यंत. रक्कम मोठी नाही, सगळी मिळून चौदा हजार. पण त्यातल्या बऱ्याच जणांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. कमी पडलेल्या पैशांपोटी गाभाऱ्यातली जुनी फरशी तशीच ठेवली. माझ्या मते ती नव्या ग्रॅनाइटपेक्षा चांगली दिसते.

कुलूपबंद सहा घरांचं काही झालं नाही. त्यातल्या चारांत वाटणी अडकलेली आहे. कर्नाटकाने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलार्जित मिळकतीत हिस्सा दिला. आता विक्रीला बहिणींच्या सह्या लागतात, आणि आधी न विचारलेल्या बहिणी सही करायला का धावतील? घर पडत राहतं.

सात मागांपैकी एक घर दरम्यान विकलं गेलं. अक्काचं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

भाड्यावरच्या जादा पट्टीचा परिणाम मी धरला नव्हता. जूनमध्ये दोन मालकांनी खोल्यांचं भाडं वाढवलं, एकाने तर स्पष्ट सांगितलं, "देवळाची पट्टी आलीय." म्हणजे आम्ही मालकाच्या खिशात हात घातला असं समजत होतो, तो पोचला गवंड्याच्या खिशात. आयुष्यभर व्याजदर वाढला की कोण कोणावर ढकलतो हे पाहिलेल्या माणसाने हे ओळखायला हवं होतं. एकदाच घ्यायची रक्कम आहे, भाडं वाढवायचं नाही, असं लेखी घेतलं असतं तर थोडा फरक पडला असता.

दुसरी चूक मोजणीची. आम्ही संध्याकाळी सातला घरोघर जायचो, तेव्हा पुरुष बोलायचे, बायका आत. घरात खरोखर पैसा किती येतो, कोणत्या बचत गटाचा, कोणत्या मायक्रोफायनान्सचा हप्ता कुठल्या वारी असतो, हे बायकांना माहीत. ते आम्हाला फार उशिरा, तेही तुकड्यांनी कळलं. सात मागवाल्या घरांपैकी किमान चारांवर असे आठवड्याचे हप्ते होते. हे आधी कळलं असतं तर २,००० सुद्धा मी तीन टप्प्यांत घ्यायला सांगितले असते. दुपारी तीनला, चारपैकी दोन मुली घेऊन जायला हवं होतं.

आणि फळा. त्याबद्दल पंच आजही एकमेकांना दोष देतात. मला विचाराल तर फळा पूर्वी चालायचा, कारण १९७८ मध्ये पैसे असून न देणारा आणि पैसे नसलेला यांतला फरक सगळ्या गल्लीला ठाऊक होता. "मुलगी बाळंतपणाला आली आहे" हे चिटणिसाला माहीत होतं. आज कोणाच्या घरात काय चाललंय हे माहीत नसताना फळा तोच ठेवला.

नव्या वहीत धंद्याचा रकाना परत घातलाय, आणि "राहतो कोण" असा एक जादा. दर तीन वर्षांनी चुली मोजायच्या असं ठरलंय. भाडेकरूंना वहीत जागा द्यायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. गेल्या यात्रेला रायचूरकडच्या गवंड्याची बायको देवळात पाचशे रुपये घेऊन आली आणि म्हणाली, सहा वर्षं झाली, आमचंही नाव लिहा. तात्यांनी लिहिलं, पेन्सिलीनं.